वैशालीने बांधलेलं बिऱ्हाड

"तात्या, यंत्रांचा दसरा काढला व्हय तुमी?" वैशालीने विचारलं. समोरच्या पडद्यावर तांबड्या अक्षरांत इंग्रजी ओळी खालीवर पळत होत्या आणि बाहेर आभाळ टेकायला आलं होतं. सुभेदार तात्या छाती काढून म्हणाले, "काढला की! पाची यंत्रांचा काढला. लय कचरा साठला हुता." त्यावर वैशाली हसली. खरंच हसली, मी बघत होते. मग तिचा हात टेबलावरून सुटला आणि ती खुर्चीतून खाली घसरली. भूपाल अण्णा छत्री टाकून धावले. तात्या जागच्या जागी उभे राहिले. आदल्या दिवशीच मिरजेच्या दवाखान्यात बाटली लावून ती आली होती, अंगात काही उरलं नव्हतं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं तर डोळे न उघडता ती म्हणाली, "आत्या, बागंत पान वलं हाय का बगा."

वैशाली माझी सून. माझा मुलगा संजय फौजेत आहे, त्यामुळे लग्न झाल्यापासून घरात जास्त करून आम्ही दोघीच. ती मला आत्या म्हणायची. यंदा गौरी-गणपती झाले आणि ती गेली. छातीचा कर्करोग होता. पेपरच्या पुरवणीत तिच्यावर काही लिहून द्या असा निरोप आला, तेव्हा संजय म्हणाला मी लिहितो. मी म्हटलं, तू सुट्टीला यायचास, मी रोज बघत होते. मी लिहिते. मला शाळा चौथीपर्यंतच झाली आहे, तेव्हा जसं आहे तसं लिहिते.

आमचं गाव कवठे महांकाळच्या बाजूला. पाऊस बेताचा, पण द्राक्षाला तीच हवा मानवते. अडचण येते ती छाटणीनंतर. कोवळी पालवी फुटली आणि त्याच वेळी आभाळ आलं, पानं रात्रभर ओली राहिली, की पानाच्या पाठीवर पांढरी बुरशी चढल्यासारखा रोग येतो. त्याला सगळे डाऊनी म्हणतात. फवारणी वेळेत झाली तर बाग राहते, एक दिवस चुकला तर घड जातो आणि वर्षही जातं. भीतीपोटी रोज फवारा मारावा तर औषधाचा अंश मण्यात राहतो आणि माल परत येतो. म्हणून आमच्या बागायतदारांच्या गटाने पाच वाड्यांवर पाच हवामान यंत्रं बसवली. पान किती वेळ ओलं होतं, हवा किती दमट, ऊन किती, एवढं ते यंत्र मोजतं आणि तारेने शेजारच्या कॉम्प्युटरला सांगतं. पुढचा हिशेब करणारा प्रोग्राम ज्या कंपनीचा होता ती कंपनीच बंद पडली. मग वैशाली म्हणाली, मी लिहिते. सांगलीच्या कॉलेजात बी.एस्सी. झालेली, पुढचं घरात बसून लॅपटॉपवर शिकली. पायथन नावाची भाषा आहे, तिच्यात लिहिलं. पडद्यावर एक चौकोन यायचा. हिरवा असला तर घरी बसा, पिवळा असला तर औषध आणून ठेवा, तांबडा असला तर आजच फवारा. मी तिला म्हटलं होतं, यंत्राशीच लगीन लावायचं हुतं, माझ्या पोराला कशाला फशिवलंस. ती म्हणाली, "आवं आत्या, यंत्र सुट्टीला बी येत न्हाई, ह्यो निदान वर्षातनं दोनदा येतो."

लिहिणं सोपं होतं असं ती म्हणायची. बसवणं अवघड. पाच वाड्यांवरचे कॉम्प्युटर पाच जातींचे होते म्हटलं तरी चालेल. गटाच्या खोलीत विंडोज. सुभेदार तात्यांनी शाळेच्या लिलावातून जुनं उचलून आणलेलं, त्यावर लिनक्स. भूपाल अण्णा आमच्या शेजारच्या वाडीचे जैन बागायतदार, त्यांच्या मुलाने पुण्यात नवा घेतला तेव्हा जुना मॅक घरी पाठवला होता. उरलेले दोन विंडोजचे, पण एक नवा आणि एक पुराणा. प्रत्येकावर आधी पायथन बसवायचा, मग त्याच्या जोडीला लागणारे दहा-वीस तुकडे बसवायचे, मग हिचा प्रोग्राम. एकावर जे चालायचं ते दुसऱ्यावर चालायचं नाही. नवा पायथन आला की जुने तुकडे त्याच्याशी बोलायचे नाहीत, म्हणून ती नवा बसवायची पण जुना काढायची नाही. असं करता करता गटाच्या यंत्रावर तीन पायथन झाले. कामाला हाक मारली की कुठला धावून येईल याचा भरवसा नाही. मला हे कळायला अवघड गेलं नाही. एका घरात तीन सुना असल्या आणि "चहा ठेव गं" म्हणून कुणाचंच नाव न घेता ओरडलं की काय होतं ते मी पाहिलं आहे.

आमच्याकडे घट बसायच्या आधी दसरा काढतात. म्हणजे घरातली वाकळ, भांडं, डबा, फडताळ, सगळं बाहेर काढून धुऊन, फुटकं-तुटकं टाकून देऊन घर लख्ख करायचं. सुभेदार तात्या माझे चुलत दीर, आयुष्य फौजेत गेलेलं. त्यांच्या घरात टाचणीसुद्धा रांगेत असते. त्या वर्षी त्यांच्या मनात आलं की माणसाच्या घराचा दसरा काढतो तर यंत्राचा का नको. कुणी सांगितलं नव्हतं. स्कूटरवर बसून ते वाडी-वाडीला गेले, फडक्याने पडदे पुसले, पंख्यातली धूळ उडवली आणि मग आत शिरले. गटाच्या यंत्रावर तीन पायथन दिसले. दोन जुने काढून टाकले, नवा ठेवला. दोन्ही विंडोजवर तसंच. अण्णांचा मॅक म्हणाला नवं रूप आलं आहे, घालू का, तर तात्या म्हणाले घाल. स्वतःच्या लिनक्सवर जुना पायथन काढला आणि यंत्र परत उघडलंच नाही. त्या जातीच्या यंत्राची स्वतःची घरची कामंसुद्धा त्याच पायथनवर चालतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. माझी सून त्या वेळी मिरजेत होती, तिला विचारणार कोण? चांगल्या मनाने आणि लष्करी शिस्तीने त्यांनी चार दिवसांत पाचही वाड्या आंधळ्या केल्या. त्यात आगाप, म्हणजे लवकर केलेल्या छाटणीची पालवी चार पानांवर आलेली… आणि आभाळ आलं.

तर ती गटाच्या खोलीत खाली पडली तो हा दिवस. अण्णांनी पाणी मारलं, मी साखर चारली. शुद्धीवर आली तशी तात्या म्हणाले, "सूनबाई, चुकलं माजं. पर तीन-तीन कशाला लागत्यात गं?" अण्णा भडकले. "आता इचारतोस? आदी इचारलं असतंस तर तोंड झिजलं असतं काय?" वैशालीने दोघांनाही गप्प केलं. हवामान यंत्राच्या डब्यावर एक बारकी पट्टी असते, तिच्यावर नुसते आकडे दिसतात. ती म्हणाली, एकेका वाडीवर माणूस पाठवा आणि आकडे फोनवर सांगा. बाजेवर आडवी पडून तिने ऐकले, बोटांवर काहीतरी मोजलं आणि एकेकाला सांगत गेली, फवारा, फवारा, तुम्ही थांबा, फवारा. फोनचा मनोरा आभाळ आलं की असून नसल्यासारखा. तात्यांच्या वरच्या प्लॉटचे आकडे यायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. बाकी बागा राहिल्या. तो प्लॉट गेला. तात्यांचाच गेला, म्हणून गावात कुणी त्यांना बोललं नाही, पण ते स्वतः बरेच दिवस पाराकडे फिरकले नाहीत.

लोक घरी येऊन म्हणायचे, सूनबाईंनी डोक्यातून बागा वाचवल्या. तिला ते आवडायचं नाही. एकदा अण्णा असंच कौतुक करत बसले होते, तर म्हणाली, "अण्णा, माझ्या डोक्यावर चाललं ते चाललं म्हणायचं न्हाई. डोकं मिरजंला असलं मग?" अण्णा म्हणाले, "असं नको बोलूस ग बाई." ती म्हणाली, "मग कसं बोलू? मी असताना कुणाचं बी चालतंय. मी नसताना चाललं पायजे." आणि तात्यांचा दोष तिने कधी काढला नाही. मी काढला होता. मी म्हटलं, त्या शिस्तीच्या माणसाने घात केला. तर म्हणाली, "आत्या, घर झाडणाऱ्याची चूक कशी? माजं सामान मी दुसऱ्याच्या फडताळात ठिवलं हुतं."

माझं माहेर म्हसवडजवळचं, सातारा जिल्ह्यातलं. लहानपणी सिद्धनाथाच्या जत्रेला आम्ही बैलगाडीने जायचो. माझी आई पीठ घ्यायची, मीठ घ्यायची, तवा, सरपण आणि चुलीचे तीन दगडसुद्धा गाडीत घालायची. वडील हसायचे, दगड कुठं मिळत न्हाईत व्हय? आई म्हणायची, तिथं गेल्यावर कुणापुढं हात पसरायचा न्हाई. माळावर गाडी सोडली की आमची चूल पेटायची आणि शेजारचे दगड हुडकत फिरायचे. हे मी एकदा भाजी निवडताना बोलून गेले. वैशाली टाइप करता करता थांबली. म्हणाली, "तेच करायचंय मला." प्रोग्राम, त्याला लागेल तो पायथन, सगळे तुकडे, सगळं एका गाडीत. ज्या यंत्रावर सोडेल तिथे त्या यंत्राचं काही मागायचं नाही आणि त्या यंत्राचं काही हलवायचंही नाही. नेट नसलं तरी चाललं पाहिजे, कारण आमच्याकडे नेट जातं तेव्हाच पाऊस असतो. त्या दिवसापासून आम्ही दोघी त्याला बिऱ्हाड म्हणायला लागलो. बिऱ्हाड बांधून झालं का, असं मी सकाळी विचारायची.

ते बांधायला थंडी गेली आणि उन्हाळाही गेला. ऑपरेशननंतर तिचा उजवा हात सुजायचा, मग डाव्या हाताने टाइप करायची. मला वाटलं होतं एक बिऱ्हाड बांधलं की पाचही यंत्रांवर सोडायचं. तसं नसतं. विंडोजचं विंडोजवर बसूनच बांधावं लागतं, मॅकचं मॅकवर, लिनक्सचं लिनक्सवर. अण्णांची सून मॅक पदरात गुंडाळून घेऊन यायची, जसं काही बाळंतिणीचं मूल. पहिलं विंडोजचं बिऱ्हाड तिने एका गाठोड्यात घट्ट बांधलं, तर यंत्रावरच्या राखणदार प्रोग्रामने ते चोर समजून उचलून फेकलं. दोनदा फेकलं. मग तिने गाठोडं सोडून तेच सामान उघड्या टोपलीत मांडलं, म्हणजे एका फाइलीऐवजी फोल्डर केला, आणि राखणदार गप्प बसला. मॅक म्हणाला, हे कुणी बांधलं मला माहीत नाही, मी उघडत नाही. त्याला सेटिंगमध्ये जाऊन एकदा सांगावं लागतं की आमचंच आहे, उघड. लिनक्सचं तर वेगळंच. नव्या यंत्रावर बांधलेलं जुन्यावर चालेना. तिने डोक्याला हात लावला, मग हसली आणि गटातलं सगळ्यात पुराणं यंत्र शोधून आणायला सांगितलं. जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं, म्हणाली, उलटं होत नाही. मी म्हटलं, म्हंजे माझ्यासारखं. "व्हय," म्हणाली, "तुमी कुठं बी चालता. फक्त आवाज लय करता."

शेवटी परीक्षा झाली ती माझी. तिला असं माणूस पाहिजे होतं ज्याला यातलं काही येत नाही. ते घरातच होतं. तिने एक यंत्र पुसून कोरं केलं, मला पुढ्यात बसवलं, पेनड्राइव्ह हातात दिला आणि स्वतः हात बांधून मागे बसली. म्हणाली, मी बोलणार न्हाई. मी पेनड्राइव्ह उलटा घातला. मग सुलटा घातला. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं. मी मागे बघितलं. ती भिंतीकडे बघत होती.

"अगं काय लिवलंय हे?"

गप्प.

"मुकी झालीस व्हय? का मिरजंच्या डाक्टरनं जीभ काडून घेतली?"

तिला हसू आवरेना, पण बोलली नाही. मी उठून चुलीकडे गेले. म्हटलं, ज्या बिऱ्हाडाची भाषा मला कळत न्हाई ते माझ्या दारात नको. आठ दिवसांनी तिने परत बसवलं. या वेळी पडद्यावर मराठीत आलं. "हे बटण दाबा." मी दाबलं. "थोडं थांबा. चहा घ्या." मी घेतला. चहा संपायच्या आत हिरवा चौकोन आला. वैशाली उठली, सुजल्या हाताने तिने माझ्या पाठीवर एक थाप मारली आणि आत जाऊन झोपली. असं समाधानाने झोपलेलं मी तिला पुष्कळ दिवसांनी पाहिलं.

पावसाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं की आता औषध नाही. तिने ते ऐकलं, मला आणि संजयला वेगवेगळं काही सांगायचं नाही असं डॉक्टरांना बजावलं. तिची लेक, माझी नात, साताऱ्याला वसतिगृहात असते, तिला आणून घेतलं. रडणं झालं, ते सगळ्या घरांत होतं, त्याचं लिहीत नाही. मग एका दुपारी तिने सुभेदार तात्यांना बोलावलं. ते उंबऱ्याशीच उभे राहिले. ती म्हणाली, "तात्या, औंदा बी यंत्रांचा दसरा काढा." तात्यांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं पोरगी टोमणा मारते. म्हणाले, "सूनबाई, त्या यंत्राला म्या आता बोट लावत न्हाई." ती म्हणाली, "लावा. मुद्दाम लावा. जितकं पायथन दिसत्याल तितकं काडून टाका. माझं बिऱ्हाड हललं न्हाई पायजे. हललं तर मग मी काय केलं वर्षभर?" ते गेल्यावर तिने माझी चंची मागून घेतली. माझी पान-सुपारीची चंची माझ्या कमरेवरून अंघोळीपुरतीच सुटते. तिने काताच्या कप्प्यात पेनड्राइव्ह घातला आणि दोरी ओढली. "तिन्ही बिऱ्हाडं ह्याच्यात हाईत," म्हणाली. "तुमी चंची हरवत न्हाई, म्हणून तुमच्याकडं. यात फार काही न्हाई आत्या…"

ती गेली तेव्हा संजय होता, मी होते, नात होती. मिरजेतच गेली. 

सुतकाच्या घरात सण नसतो, पण घट बसायच्या आधी घर मी झाडलं. तात्या आले. फडकं घेऊन आले होते. म्हणाले, "वैनी, काय करू?" मी म्हटलं, "भावजी, ती काय बोलली ते ऐकलंसा न्हवं? मग काढा." गटाच्या खोलीत त्यांनी खुर्ची ओढली. गेल्या वर्षी स्वतःचा प्लॉट घालवलेला माणूस, त्याने बोट माउसच्या उंदरावर ठेवलं. मग बिऱ्हाड बांधताना तिने परत घातलेल्यांतला एक पायथन काढला, दुसरा काढला, तिसराही काढला. एकही ठेवला नाही. विंडोजच्या दुसऱ्या दोन्हींवर तेच. अण्णांनी मॅकवर नवं रूप चढवून घेतलं. तात्यांचं लिनक्सचं यंत्र गेल्या वर्षीच मेलेलं, त्यांनी त्याहून जुनं कुठून तरी आणलं होतं. त्यावर पेनड्राइव्ह मी स्वतः लावला, सुलटा. "थोडं थांबा. चहा घ्या." तात्यांच्या घरचा चहा गोडमिट्ट असतो, तरी घेतला.

दसरा झाला आणि पालवीवर आभाळ आलं, जसं गेल्या वर्षी आलं होतं. सकाळी नेट गेलं. फोन लागेनात. मी गटाच्या खोलीत गेले तर तात्या आणि अण्णा आधीच येऊन उभे होते, यंत्र लावायला कुणी हात पुढे करेना. मी बटण दाबलं. पडदा काळा झाला, मग निळा झाला, आणि मग चौकोन आला. तांबडा. अण्णांनी जाऊन मॅकवर बघितलं, तिथेही तांबडा. तात्या स्कूटरकडे धावले आणि त्यांच्या वाडीवरून ट्रॅक्टरचा आवाज आला तेव्हा मी खोलीला कुलूप लावलं. पाचही वाड्यांवर त्याच दिवशी फवारा बसला. काल तात्यांच्या वरच्या प्लॉटवरून चालत आले. पानाची पाठ उलटून बघितली. स्वच्छ आहे. घड सुटले आहेत.

लोक मला विचारतात, आता प्रोग्राम कोण बघणार. बघायला काही ठेवलंच नाही तिने. ते बघावं लागू नये म्हणूनच तिचं वर्ष गेलं. पुढे नवी यंत्रं येतील, तेव्हा कुणीतरी शिकलेलं परत बांधेल, कसं बांधायचं तेही त्याच पेनड्राइव्हवर लिहून ठेवलं आहे. मला अभिमान वाटतो, आणि तो मी कुणापुढे लपवत नाही. कात खायचं मी सोडलेलं नाही, फक्त तो आता चुन्याच्या डबीशेजारी ठेवते, कारण त्याचा कप्पा भरलेला आहे. पान लावायला चंची उघडली की बोट आधी त्या पेनड्राइव्हला लागतं.

वैशाली खुर्चीतून पडली त्या दिवशी त्या खोलीत आम्ही चौघं होतो. तात्या आहेत. भूपाल अण्णा आहेत. मी आहे.